तोफखाने काकांची दफनबेकिया

तोफखाने काकांना कुणी आपलं हिरवंगार झाड दाखवू नये. दाखवलंच, तर पुढचं पाहायची तयारी ठेवावी. काका आधी दोन पावलं मागे सरतात, मिशीवरून बोट फिरवतात आणि घरच्या बाईला विचारतात, "इतकी पानं कशाला ठेवून राहिलात?" बाई हसते. तिला वाटतं, कौतुक चाललंय. ती चहा टाकायला आत जाते आणि काकांच्या सदऱ्याच्या खिशातून अडकित्ता बाहेर येतो. चहा घेऊन ती परत येते तेव्हा कुंडीत एक बोडका बुंधा उभा असतो, पानांचा ढीग जमिनीवर असतो आणि काका हातातले दांड्याचे तुकडे पुसत म्हणत असतात, "आता कुठे याचं काही तरी होईल."

त्याचं काहीच होत नाही. ते तुकडे काकांच्या घरी जातात, ओल्या मॉसमध्ये, म्हणजे शेवाळात, पडतात आणि यथावकाश सडतात. आमच्या छत्रीबागेतल्या गल्लीत माकडं आली की बायका पापड आत घेतात, आणि तोफखाने काका आले की कुंड्या.

मी त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहते. मी मूळची सेंधव्याची. वडील जिनिंग फॅक्टरीत कापसाच्या गाठी मोजायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे पुस्तकात छापलेल्या गोष्टीवर माझा फार विश्वास. इंदूरला शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली आणि खोली शोधायला निघाले, तेव्हा एकट्या मुलीला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. काकांनी फक्त एकच प्रश्न विचारला होता, "बीएस्सी कशात?" मी म्हटलं, "बॉटनीत." ते म्हणाले, "मग वरची खोली तुमची." हे उपकार मी विसरलेले नाही. पुढे जे लिहिणार आहे ते उपकार स्मरूनच लिहिते आहे, पण खरं तेच लिहिणार आहे.

त्या दिवसापासून माझं नाव बॉटनी पडलं. "अगं बॉटनी, खाली ये." "बॉटनी, पाणी आलं का वर?" शाळेतून पोस्टाने आलेलं पाकीटसुद्धा त्यांनी एकदा "बॉटनीचं आहे" म्हणून घेऊन ठेवलं होतं.

तोफखाने हे आडनाव साधं नाही. संस्थानाच्या काळात त्यांचे कुणी पूर्वज तोफखान्यात होते. ते तोफ डागायचे की तोफेला तेल लावायचे, याबद्दल घराण्यात दोन मतं होती. काका पहिल्या मताचे आहेत आणि दुसऱ्या मताचे सगळे आता वारले. काका स्वतः पोलोग्राउंडच्या एका नटबोल्टच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झाले, पण ऐट तोफेचीच. स्वतःला ते 'आम्ही' म्हणतात. "आम्ही आज नहायलो नाही," असं म्हणाले तरी ऐकणाऱ्याला वाटावं, किल्ला घ्यायचा राहिलाय.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा शैलेश बंगळूरला. तेव्हा उरलेल्या आयुष्यात काकांनी एकच शास्त्र हाती घेतलं, ते म्हणजे पानं नसलेल्या दांड्यापासून झाड उगवणं. पानासकट फांदी पाण्यात ठेवून मनीप्लँट वाढवणाऱ्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा. "ते काय, कोणीपण करतं. पान म्हणजे नखरे. पावडर-लिपस्टिक. दांड्यावर बारीकसा फुगवटा असतो बघ, तो डोळा. ऊस लावताना काय बघतात? डोळा. डोळा शाबूत तर गडी शाबूत. बाकी पानं गेली तेल लेने."

हे शास्त्र खोटं नाही, हे मला कबूल करावं लागतं. दांड्याचा तुकडा आडवा ठेवला, ऊब आणि ओल दिली, तर डोळ्यातून कोंब येतो आणि खाली मुळं सुटतात. आमच्या पुस्तकात चित्रासकट दिलेलं आहे. पण पुस्तकात हेही दिलेलं आहे की धारदार सुरी घ्यावी. काका घेतात अडकित्ता. सुपारी कातरून बोथट झालेल्या त्या अडकित्त्यात दांडा कापला जात नाही, चेचला जातो. मी एकदा भीत भीत सांगितलं. काका म्हणाले, "बॉटनी, हे शस्त्र आहे. सुरी भाजीवालीकडे असते."

त्यांच्या ओसरीत शेवेच्या रिकाम्या बरण्यांची फौज असते. इंदूरच्या घरात शेव संपते आणि बरणी उरते, हा निसर्गनियमच आहे. त्या पारदर्शक बरण्यांत ओलं मॉस, त्यावर बोडके दांडे, वर घट्ट झाकण. आतून वाफ धरलेली. पाहुण्याला वाटतं कसलं तरी लोणचं आहे. झाकण उघडलं की लवंग-शेवेचा आणि सडक्या लाकडाचा मिळून असा काही वास येतो, की पाहुणा शेवेलाही पुन्हा हात लावत नाही.

आणि एवढं करूनही दांडे का सडतात, तर काका त्यांना उपटून बघतात म्हणून.

हा खरा रोग. तुकडा आज लावला की उद्या सकाळी काका झाकण उघडणार, तुकडा चिमटीत धरून वर काढणार, उलटा करणार, चष्मा कपाळावर चढवून मुळं शोधणार, परत खुपसणार. संध्याकाळी पुन्हा. केसाएवढं मूळ सुटलं असेल तर ते या तपासणीतच तुटणार. मी म्हणायची, "काका, उपटून बघू नका ना. वर कोंब आला की समजायचं, खाली मूळ आहे." ते म्हणायचे, "आणि नसलं तर? आम्ही काय झाकल्या बरणीवर भरोसा ठेवायचा? स्टोअरमध्ये आम्ही प्रत्येक पेटी उघडून बघायचो." मी म्हटलं, "पेटीतले नटबोल्ट उघडून बघितल्याने मरत नाहीत." यावर ते आठवडाभर माझ्याशी हिंदीत बोलले. काका रागावले की हिंदीत जातात.

त्यांचं आवडतं झाड म्हणजे डिफेनबेकिया. रुंद, ठिपकेदार पानांचं, जाड दांड्याचं. काका तिला दफनबेकिया म्हणतात. "आडवी दफन करायची, की उगवते." गल्लीचंही या नावाबद्दल काही म्हणणं नव्हतं, कारण काकांनी दफन केलेली एकही आजवर परत आली नव्हती. एकदा तुकडा जिवंत आहे की मेला, हे बघायला त्यांनी तो चावून पाहिला. डिफेनबेकियाचा रस तोंडाला लागला तर जीभ सुजते. पुस्तकात हेही आहे. काकांची जीभ अशी सुजली की डॉक्टरांकडे न्यावं लागलं, आणि पुढचा अख्खा दिवस त्यांच्या तोंडातून शब्द फुटला नाही. शेजारच्या सीमा भाभी मला म्हणाल्या, "दीदी, ये पौधा तो भोत काम का है. एक मुझे भी लगा दो."

तर अशा या काकांवर गणपतीच्या सुमारास संकट आलं.

शैलेशचा रोज फोन यायचा आणि काका तो स्पीकरवर घ्यायचे, म्हणजे अर्ध्या गल्लीला यायचा. त्या दिवशी शैलेश म्हणाला, "बाबा, दिवाळीला आम्ही येतोय. आणि या वेळी तुम्हाला घेऊनच जाणार. घर बंद करून टाकू."

"आम्ही येणार नाही," काका म्हणाले.

"बाबा, एकटे कसे राहणार तिथे? तुमच्याकडून एक काडी जगत नाही."

शैलेशने नको तिथे बोट ठेवलं होतं. काकांची मिशी थरथरली.

"आणि जगवून दाखवली तर?"

शैलेश हसला. "तर राहा तिथेच. मी पुन्हा विषय काढणार नाही."

"लिहून दे."

"बाबा, फोनवर काय लिहून देऊ? सीमा भाभी ऐकतायत ना? त्या साक्षीदार."

"हाँ हाँ, सुन रही हूँ भैया," भिंतीपलीकडून आवाज आला.

अट ठरली. दिवाळीला शैलेश येईपर्यंत एका तरी बोडक्या दांड्याला नवं पान आलं, तर काका छत्रीबागेत राहणार. नाही आलं, तर बॅग भरायची आणि बंगळूरला चौदाव्या मजल्यावर जायचं. तिथे खाली उतरायलाही लिफ्टची परवानगी लागते, असं काकांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं.

काकांनी स्वतःची सगळ्यात मोठी दफनबेकिया पणाला लावली. ही कुंडी कारखान्याने त्यांना निवृत्तीच्या वेळी शाल आणि श्रीफळाबरोबर दिलेली. शाल उंदरांनी कुरतडली, श्रीफळाच्या वड्या झाल्या, कुंडी राहिली. वाढून दाराएवढी झाली होती. एका सकाळी काकांनी तिची सगळी पानं उतरवली, दांड्याचे वीतभर लांबीचे तुकडे पाडले, कापलेल्या तोंडांना गोवरीची राख फासली आणि टोपलीत घालून गच्चीवर सावलीत सुकत ठेवले. राख लावणं बरोबर होतं. सुकवणंही बरोबर होतं. आयुष्यात पहिल्यांदा काका पुस्तकाप्रमाणे वागत होते, आणि तिथेच घात झाला.

आता भाषेचा घोटाळा समजून घ्या. दांड्याच्या तुकड्याला आपण कांडं म्हणतो, अनेक असले की कांडी. पण काका पडले इंदूरचे. हिंदी बोलताना त्यांनी मराठी कांड्याला हिंदी अनेकवचन लावलं आणि झाले 'कांडे'. गोवरीला हिंदीत म्हणतात कंडा, आणि अनेक असले की 'कंडे'. मधे एक काना तेवढा. काकांनी जिना चढता चढता सीमा भाभींना अभिमानाने सांगितलं, "भाभीजी, हमारे कांडे ऊपर टोकरी में सूख रहे हैं. राख लगाके रखे हैं. संडे तक एकदम तैयार."

भाभींच्या घरी रविवारी बाफल्यांचा बेत होता, काकांना आणि मलाही बोलावणं होतं. कणकेचे ते गोळे आधी उकळायचे आणि मग गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे. पावसाने त्यांच्या गोवऱ्या ओल्या झालेल्या. त्या भरून आल्या. "अंकलजी, आपने तो मेरी टेंशन ही खतम कर दी." काकांना वाटलं, पोरगी शास्त्राची कदर करते.

रविवारी अंगणात विस्तव पेटला. भाभींचे दीर पप्पू भिया गच्चीवर गेले, राखेने माखलेली टोपली उचलली आणि न बघता विस्तवावर पालथी केली. असा धूर उठला की शेजारची म्हातारी खोकत बाहेर आली. "भाभी, ये कंडे गीले हैं क्या? धुआँ ही धुआँ मार रिये हैं," पप्पू भिया ओरडले. काका पाटावर आधीच बसलेले. डोळ्यांतून पाणी गाळत त्यांनी सल्ला दिला, "फुंको, फुंको! इतने गीले कंडे लाए किसके हो?"

"आपके ही तो हैं, अंकलजी!"

काका खो खो हसले. त्यांना वाटलं, भिया गंमत करतोय. मग वरण आणि तूप ओतून त्यांनी बाफले चापले आणि मला म्हणाले, "बॉटनी, आज खुशबूच अलग आहे. लाकडी वास येतोय बघ, सही एकदम."

हात धुऊन ते कांडी बघायला, म्हणजे एकदा उपटून बघायला, गच्चीवर गेले. खाली आले आणि अंगणात पडलेली रिकामी टोपली त्यांनी उचलली.

"भाभीजी, इसमें जो थे, वो?"

"कंडे? वो तो जला दिए. आपने ही बोला था ना."

"कंडे नहीं. कांडे!"

"हाँ, वही. कंडे."

"कां! कां! कां!"

"हाँ, हाँ, हाँ!"

गच्चीच्या कठड्यावर बसलेला एक कावळा उडून गेला. गल्ली हसायला लागली. मीही हसले. मग काका विस्तवाजवळ खाली बसले आणि कुणालाच हसू येईना. भाभींनी तोंडावर पदर धरला. त्या अटीच्या साक्षीदार होत्या. आपण अंकलजींचं घर जाळलं, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

काका चिमट्याने राख चाळत राहिले. आणि तळाशी, विस्तवाच्या कडेला, एक तुकडा निघाला. एका बाजूने कोळसा झालेला, दुसऱ्या बाजूने इतका ओला की पेटलाच नव्हता. काकांनी तो चष्म्याजवळ नेला, अंगठ्याने राख पुसली.

"एक डोळा आहे," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी ते जिना चढून माझ्या खोलीच्या दाराशी आले. हातात बरणी, बरणीत मॉस, मॉसमध्ये तो तुकडा. जळकी बाजू बरोबर कापलेली. चक्क सुरीने.

"हे तुझ्याकडे ठेव. माझ्यापासून लपव. काय होतंय ते मलासुद्धा सांगू नको. शैलेश आला की सगळ्यांसमोर घेऊन ये." काका पहिल्यांदाच स्वतःला 'आम्ही' न म्हणता बोलले, पण तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही.

लपव म्हणणं सोपं होतं. दुसऱ्याच दिवशी ते पंख्याचा आवाज येतो का बघायला वर आले. माझ्या पंख्याचा आवाज येत नव्हता. मग भिंतीला ओल आहे का बघायला आले. मग भूकंप झाल्यासारखं वाटलं म्हणून आले. मी दाराला कुलूप लावून शाळेत जायला लागले, तर जिन्यात बसून राहायचे. "बॉटनी, फक्त एकदा. पान नको दाखवू. मूळ किती आलंय तेवढंच. हळूच उचलतो, त्याला कळणारसुद्धा नाही." मी नाही म्हणायचे. खालून सीमा भाभींचा आवाज यायचा, "अंकलजी! नीचे!" ज्या बाईने त्यांची टोपली जाळली होती, ती आता उरलेल्या काडीवर पहारा देत होती. पप्पू भियाही दुकानातून येता-जाता जिन्याकडे नजर टाकायचे. एका काडीला तिच्या मालकापासून वाचवायला गल्ली एकत्र आली होती.

आणि डोळा फुगला. नंतर त्याला टोक आलं. टोकाची सुरळी झाली, फिकट हिरवी, पेन्सिलीच्या शिसाएवढी. दिवाळीच्या तोंडावर ती सुरळी उलगडली. छोटं पान, पण पुरं पान, पांढऱ्या ठिपक्यांसकट. मी शाळेत मुलांना शिकवताना इतकी कधी आनंदले नव्हते. भाभींना हळूच दाखवलं. त्यांनी पानावरून दृष्ट काढली.

शैलेश आला तो एकटाच. "रश्मीला सुट्टी नाही मिळाली," म्हणाला. रश्मी म्हणजे सूनबाई. पाठीवर एक सॅक, दाढी वाढलेली. काकांनी त्याच्यासाठी पोहे-जिलबी आणवली होती. माझ्या वरच्या खोलीपर्यंत दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

"घर केवढं आहे तुझं?"

"मोठं आहे, बाबा. एक खोली रिकामीच असते. मी ऑफिसातून उशिरा येतो. बाहेरच खातो मी बहुतेक."

मग बराच वेळ नुसता बशीत चमचा हलल्याचा आवाज येत राहिला. ती वेळ मला योग्य वाटली. मी बरणी दोन्ही हातांत धरली आणि आरतीचं ताट न्यावं तशी जिना उतरले. भाभी आणि पप्पू भिया दाराशी येऊन उभे राहिलेच होते.

शैलेशची पाठ माझ्याकडे होती. त्याच्यापुढे पोह्यांची बशी भरलेलीच. जिलबीला हात लावलेला नव्हता. काका समोर बसले होते. त्यांनी मान वर केली आणि त्यांना बरणी दिसली.

त्यांच्या हातून जगलेली ती पहिली काडी. बरणीच्या काचेला ते पान टेकलं होतं. काकांची नजर पानावर गेली, ठिपक्यांवरून फिरली, तिथेच थांबली. ओठ हलले. मला वाटलं, आता तोफ डागणार.

"मेली ना?" काका मोठ्याने म्हणाले. "मला ठाऊकच होतं. अगं, कशाला आणलीस दाखवायला? जा, फेक ती."

"काका, अहो..."

"फेक म्हटलं ना." आणि डोळ्यांनी मला जिन्याकडे दाखवलं. शैलेश मागे वळेपर्यंत भाभी माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "भैया, जलेबी ठंडी हो री है, खाओ ना," त्या म्हणाल्या. त्यांना माझ्या आधी समजलं होतं.

"हरलो बाबा आम्ही," काका शैलेशला सांगत होते. "तोफखाने शब्दाचे पक्के. बॅग कुठे आहे माझी? पण ऐक, तिकडे शेव मिळते का? मिळत नसेल तर इथूनच न्यावी लागेल."

मी बरणी घेऊन खोलीत बसले. मला राग आला होता. एवढ्या दिवसांचा पहारा, एवढा सांभाळ, आणि जिंकलेला माणूस हरलो म्हणतो. थोड्या वेळाने काका वर आले. दार लावून घेतलं, बरणी खिडकीशी नेली आणि पान उजेडात धरलं.

"ठिपके बघितलेस? काय सुरेख आहेत गं." पानाला नखरे म्हणणारा हा माणूस.

"काका, तुम्ही जिंकला होतात."

"हो ना." ते पानाकडेच बघत होते. "शैलेश फोनवर नेहमी म्हणायचा, आम्ही जेवलो, आम्ही फिरायला गेलो, आम्ही येतोय. आज सकाळपासून मोजतोय मी. एकदाही आम्ही म्हणाला नाही. नुसतं मी, मी. जिलबीसुद्धा खाल्ली नाही गधड्याने. लहानपणी पातेलं चाटायचा."

"सूनबाईंना सुट्टी नाही म्हणाले ना?"

"बॉटनी," काका म्हणाले, "तू शिकलेली आहेस, पण अजून लहान आहेस."

बरणी माझ्या हातात देऊन ते खाली गेले. दिवाळी झाल्यावर बंगळूरला गेले. जाताना अडकित्ता सदऱ्याच्या खिशातच होता. तो विमानतळावर काढून घेतला, असं नंतर कळलं. काकांनी तिथल्या जवानाला तोफखान्याचा इतिहास सांगितला होता, पण उपयोग झाला नाही.

गल्लीतल्या कुंड्या आता बाहेर असतात. त्यांची पानं मोठमोठी झाली आहेत, आणि भाभी म्हणतात की काही मजा नाही राहिली. घर काकांनी बंद केलं नाही. "बॉटनी आहे ना," म्हणाले. मी माझ्या आईला सांगितलं, तर ती म्हणाली, अशा माणसाच्या तुळशीलासुद्धा पाणी घालावं. त्यांच्याकडे तुळस नाही. तिची पानं त्यांनी कधीच काढली होती.

गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला. स्पीकरवर घे म्हणाले, भाभींना ऐकायचं असेल तर. मी घेतला.

"काडी कशी आहे?"

"दुसरं पान आलं, काका."

"मूळ किती झालंय? जरा हलवून बघ ना. हळूच."

"काका!"

"अंकलजी!" भिंतीपलीकडून.

"बरं, बरं. राहू दे." मग त्यांनी स्पीकर बंद करायला सांगितला. मी फोन कानाला लावला.

"शैलेश कसा आहे?" मी विचारलं.

"पान नाही अजून. पण काल भांडी घासताना शीळ घालत होता. आणि आज ऑफिसातून निघताना फोन करून विचारलं, 'बाबा, आपण आज काय खायचं?' डोळा फुगलाय, बॉटनी."

"तुम्ही विचारलंत त्यांना? काय झालं, रश्मीताई कुठे आहेत?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"नाही गं," ते म्हणाले. "हात फार शिवशिवतात. पण नाही उपटणार."